शेपटीचा खेळ

सोमवार, ८ डिसेंबर १९५८

मैत्रिणींनो, आपली बालवाडी-शिक्षिकांची फिरती वही दोन महिने माझ्याकडेच अडकली, क्षमा करा. चांगलं काही लिहायला मिळेल म्हणून थांबले होते.

बालवाडीतल्या गोंड मुलांनी मराठी बोलावं म्हणून मी एक खेळ काढला होता. गोंडीत बोलेल त्याच्या कमरेला वाखाची शेपटी बांधायची. दुसरं कोणी चुकलं की शेपटी त्याच्याकडे. छडी नाही, म्हणून मी खूश होते.

आज चार वर्षांची सोमारी बराच वेळ मांड्या आवळून बसली होती. मला वाटलं, थंडी असेल. तिला बाहेर जायचं होतं, पण ते मराठीत सांगता येत नव्हतं. शेवटी तिला जागेवरच लघवी झाली आणि ती "यायो, यायो" करत आईसाठी रडू लागली.

"बाई, गोंडी बोलली! बांधा शेपटी!" मुलं ओरडली. कोतवालाचा मोरू म्हणाला, "पाहा ना बे, गधी मुतली!"

मी शेपटी बांधली. नियम मोडला तर खेळ बिघडेल, असं वाटलं. खरं सांगते, मला हसूही आलं होतं.

आई न्यायला आली. तिने गाठ सोडून शेपटी माझ्या हातात दिली.

"माह्या पोरीले बोलता येते, बाई. तुमालेच समजत नाई."

छडी मारली असती तर मला निदान लवकर लाज वाटली असती. तुमच्या खेळांत कोण कोणाला हसतं, ते कधी पाहिलंत?

उद्याचं काम: सोमारीच्या घरी जाऊन 'बाहेर जायचंय' हे गोंडीत शिकणे.