पदराची गाठ

पोशेऱ्याची एक मजूर बाई बाजाराच्या दिवशी जव्हारला माझ्या मेडिकलवर येते. तिला सांधेवात आहे. चिठ्ठी पदराच्या गाठीत असते. सुजलेल्या बोटांनी गाठ सुटायला वेळ लागतो, पण मी हात पुढे केलेला तिला खपत नाही.

मागच्या खेपेला डॉक्टरांनी जुन्या गोळ्यांना जोडून एक नवी दिली. मी समजावलं, "ही उदासपणावरची आहे. पण सांध्यांनाही उपयोग होईल, असं डॉक्टरांना वाटतं." तिने मान हलवली. ती कशालाही मान हलवते.

महिन्याने आली, बोटं तशीच.

"मावशी, नवी गोळी घेतेस ना?"

"जावेला दिली. माझा मन बरा हाय, भाऊ. तिचा पोर गेल्यापासून तीच बोलत नाय."

मी चिडलो. दुसऱ्याची गोळी अशी देतात? तिलाच डॉक्टरकडे ने, म्हटलं.

"नेली ना आज," ती म्हणाली आणि गाठीशी झटू लागली.

पायरीवर बसलेली बाई उठून आत आली.

"सोड. तुला नाय जमायचा," जाऊ म्हणाली आणि तिने गाठ सोडली.

या वेळी मावशीने हात बाजूला घेतला.