बाबांच्या गाण्याचं डोकं

वाशीमच्या माझ्या घरात, कपाटाच्या खालच्या खणात एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याचा पंखा सुरू झाला की समोर उभं राहून सोयाबीन उपणून घ्यावं, इतका वारा सुटतो. माझ्यावर विश्वास नसेल तर शेजारणीला विचारा, तिची वाळत घातलेली चादर दोनदा कोर्टापर्यंत उडाली आहे. घरादाराचे फोटो, व्हिडिओ, आवाज, सगळं मी त्या डब्यात साठवतो.

साठवण्याची त्याची तऱ्हा मात्र जगावेगळी. नावाला तो भुलत नाही. आलेल्या फाइलचे तो तुकडे करतो, प्रत्येक तुकड्याच्या आत जे आहे त्यावरून एक ठसा काढतो, अंगठ्याच्या ठशासारखा, आणि तो ठसाच त्या तुकड्याचा पत्ता. आतलं तीळभर बदललं तरी ठसा वेगळा. आणि तोच तुकडा पुन्हा कोणी आणला, तर डबा म्हणतो, हा आहे माझ्याकडं, आणि दुसऱ्यांदा ठेवत नाही. हे मी स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर असं रंगवून सांगितलं होतं, की दोन ऑटोवाले सवाऱ्या विसरून बसले.

पण आमच्या घराला वाटणीची खोड. आंबा आला तरी चारी भावंडांत सारखा व्हायचा, कोय कोणाला यावरून भांडण. बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं, आवाज जाणार हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी इंझोरीला आत्याच्या अंगणात त्यांचं गाणं रेकॉर्ड करून घेतलं. घरातली पोरगी सासरी निघाली की बाबा ते म्हणायचे, त्यांनीच रचलेलं. ते मी डब्यात चार फोल्डरमध्ये टाकलं, चौघांच्या चार नावांनी. सगळ्यांना छातीठोक सांगितलं, चार ठिकाणी ठेवलंय, वीज पडली तरी एक राहील. सगळ्यांनी आपापल्या फोनवर घेतलेलं ते उडवून जागा मोकळी केली. नावं चार असली तरी डब्याच्या पोटात गाणं एकच आहे, हे टपरीवरच्या या पंडिताच्या डोक्यात आलंच नाही.

भाचीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी मी गाणं काढायला बसलो. डबा म्हणाला, पहिला तुकडा वाचता येत नाही. डिस्क नेमकी त्या जागी सडली होती. बहिणीच्या नावानं मागितलं, तेच उत्तर. धाकट्याच्या नावानं मागितलं, तेच. चौथं नाव मी इतक्या जोरात टाकलं की एका अक्षराऐवजी अख्खी ओळ उमटली, उत्तर तेच. पहिल्या तुकड्यात गाण्याचं डोकं. ते नसेल तर मागचं धड कितीही धडधाकट असो, काही वाजत नाही.

तेवढ्यात बहिणीचा फोन.

"भाऊ, बाबा सकायपासून पांढरा सदरा घालून बसले हायेत. भोंगा कुठं बांधाचा ते मंडपवाल्याले हातानं सांगून राह्यले. तू फक्त गाणं घेऊन ये, दुसरं काही आणू नको."

मी हो म्हणालो. मग डबा पोत्यात घालून मोटरसायकलला बांधला आणि इंझोरीकडं सुटलो. वाटेतले सगळे खड्डे मी त्या दिवशी हवेतूनच पार केले.

पोचल्यावर बहिणीला स्वयंपाकघराच्या मागं नेऊन खरं ते सांगितलं. ती रडली नाही, तेच जास्त लागलं.

"चार वाटण्या केल्या म्हने," ती म्हणाली. "एकच भाकर चौघाईले दाखोली तुनं."

बहीण आत्याच्याच घरी दिलेली, त्यामुळं आत्या तिची सासू आणि नवरीची आजी. ती कोथिंबीर निवडत सगळं ऐकत होती. तिनं मला खुणेनं गोठ्यात बोलावलं.

"तुह्या बापाले सांगनार नसशील, तर तुले एक सांगतो."

सांगणार नाही म्हटलं. तेव्हा कळलं की रेकॉर्डिंगच्याच दिवशी तिनं ते गाणं जसंच्या तसं आपल्या मेमरी कार्डात भरून घेतलं होतं, आणि ते कार्ड घातलेला छोटा स्पीकर तुरीच्या वावरात बांबूला टांगला होता. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, पळवायला. बाबांच्या वरच्या पट्टीला भिऊन डुकरांचा कळप थेट कारंजा शहराच्या पलीकडं गेला, असं गावात म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो.

स्पीकर आणला. चिखलानं माखलेला, वर पाखरांनी आपली सही केलेली. सुरू केला. बाबांचा आवाज उठला, दुसऱ्या कडव्यापर्यंत आला आणि खर्रर्र करून मेला. उन्हानं कार्डाचा मागचा भाग खाल्ला होता.

पण माझ्याकडं धड होतं आणि आत्याकडं डोकं.

प्रश्न एकच. कार्डातला तुकडा तोच असेल का? भरताना कुठं जराही फरक झाला असेल, तर ठसा जुळणार नाही आणि डबा त्याला परका समजून दारातच उभा ठेवील. मी आतल्या खोलीत डबा जोडला. लग्न लागलं होतं, बाहेर शेवटची बुद्धवंदना सुरू झाली. ती संपली की निरोपाची वेळ. कार्ड वाचताना मध्येच अडायचं, पुन्हा सुरू व्हायचं, आणि पंख्याच्या वाऱ्यानं भिंतीवरचं कॅलेंडर सारखं फडफडायचं.

माझ्या खांद्यावर हात पडला. बाबा.

त्यांना विचारता येत नव्हतं आणि मला सांगवत नव्हतं. ते पडद्याकडं बघत उभे राहिले. मग टेबलावरच्या चिखलाच्या स्पीकरकडं. बोटं टेबलावर ताल धरू लागली, गाण्याचाच. आत्या दारात उभी राहून आढ्याकडं बघत होती. बाहेरची वंदना थांबली.

ठसा जुळला.

तुकडा आपल्या रिकाम्या जागी जाऊन बसला, आणि चारी नावांची चारी गाणी एकदम उघडली. मी एकही बढाई न मारता भोंग्याची वायर जोडली. माझ्या आयुष्यात असं क्वचित घडतं.

भोंग्यातून बाबांचा आवाज मंडपावर आला. भाची आईच्या गळ्यात पडली. बाबा मंडपाच्या खांबाला टेकून उभे, ओठ शब्दाशब्दाला हलत होते, एकही शब्द चुकला नाही.

गाणं संपल्यावर ते आत्यासमोर आले. दोन बोटं तोंडाशी धरून त्यांनी डुकराचे सुळे करून दाखवले आणि भुवया उंचावल्या.

आत्यानं पदर सारखा केला.

"पयतात नं," ती म्हणाली. "पयल्याच कडव्याले."

बाबांच्या सदऱ्याची बटणं हलायला लागली. बराच वेळ हलत होती.