तुकडा न काढता

सकाळी उठल्यावर कुसुमताई आधी पायरीवर बसायच्या आणि डबीतला गुडाखू बोटावर घेऊन दातांना चोळायच्या. तंबाखू-गुळाचा तो काळा लगदा तोंडात विरघळला, की मगच बूढ़ापारा मोहल्ल्यातलं त्यांचं शिलाई मशीन चालू व्हायचं.

त्यांच्या हृदयात धातूची झडप होती. रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्माची. त्यात जठराचा आजार; तो कर्करोगाकडे वळत नाही ना, हे अधूनमधून पाहावं लागे. मागल्या खेपेला तपासणीसाठी जठराच्या आतल्या अस्तराचा तुकडा काढला आणि रक्त थांबता थांबेना. घरी आल्यावर त्यांनी मुलाला ठणकावलं, "आता तुकडा काढू देणार नाही मी."

"फिर जाँच कैसे होगी, आई?" यशोधननं विचारलं.

उत्तर डॉक्टर गंधालींकडे मिळालं. त्यांच्या नव्या दुर्बिणीच्या निळसर उजेडात जठरातल्या बारीक रक्तवाहिन्यांची नक्षी मोठी होऊन पडद्यावर दिसे. "नक्षी नीट असेल तर तुकडा नको," त्या म्हणाल्या. "विस्कटलेली असेल तर मात्र काढावाच लागेल. उपाशीपोटी या."

कुसुमताई उपाशी गेल्या. पडद्यावर नुसता तपकिरी थर. दुर्बीण बाहेर काढून गंधालींनी विचारलं, "सकाळी काय घेतलं?"

"काहीच नाही. पाणीबी नाही."

"दात घासले?"

"घासले ना, गुडाखूनं. त्याले काय खाणं म्हणतेत का?"

"गिळलेलं सगळं आत बसलंय. खालचं दिसत नाही. तुकडा काढायचा, नाहीतर पुढल्या आठवड्यात परत."

"परत येतो मी."

डबी त्याच दिवशी नालीत गेली. तलफेनं डोकं ठणकायचं, हात कापायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यावर त्या खेकसायच्या. एका नवरीचा ब्लाऊज कात्रीखाली वाकडा गेला, तो त्यांनी नवं कापड आणून पुन्हा शिवला.

"आई, एक बार ले लो. मोहल्ले पर रहम करो," यशोधन चिडवायचा.

"गप रे पोट्ट्या! काम करून राहिली ना मी."

दुसऱ्या खेपेला उजेड आत सरकला. एका ठिकाणी गंधाली थांबल्या, मागे आल्या, पुन्हा जवळून पाहिलं. कुसुमताईंनी मूठ आवळली. पडद्यावर जाळी दिसत होती, बारीक, एकसारखी.

"तुकडा नको," गंधाली म्हणाल्या. "गोळी चालू ठेवा. वर्षानं पुन्हा पाहू."

बाहेर ऑटो उभा होता. कुसुमताई आत बसल्या, पदर सावरला.

"भैया, गोल बाज़ार से निकालो. घर में जीरा नहीं है."