तर्रीला कुंपण घालणारे साडभाऊ

समुद्रात तेल सांडलं की साऱ्या जगात सर्वांत जास्त काळजी कोणाला वाटत असेल, तर ती नागपुरात राहणाऱ्या माझ्या साडभाऊंना. हिंगण्याच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं समुद्रात टाकायचं तरंगतं कुंपण बनवत आले. वर हवा भरलेली फुगीर नळी, खाली पाण्यात लोंबणारी झालर, झालरीच्या काठाला वजनाची साखळी. सांडलेलं तेल या कुंपणात कोंडायचं आणि मग पंपाने ओढून घ्यायचं. तुकड्याला तुकडा जोडण्याचं काम साडभाऊंचं. समुद्र मात्र त्यांनी पाहिलेला नव्हता. कुंपणाची परीक्षा व्हायची ती कारखान्यातल्या सिमेंटच्या टाक्यात.

घरीही त्यांचं कुंपण चालूच. रश्श्याची वाटी समोर आली की ते पोळीची लांब पट्टी फाडत, वर आलेल्या तेलाच्या तर्रीभोवती तिचा घेरा घालत आणि मग सावकाश चमचा लावत. "पहिले घेरायचं, मंग उचलायचं. घाई केली का तेल जोडातून पयते." माझ्या पुतणीच्या लग्नात वरपक्षाच्या एका गृहस्थांचा पाटवडीचा रस्सा त्यांनी न विचारता असा घेरून दिला. गृहस्थ जेवायचे थांबले. साडभाऊंना वाटलं, कौतुकाने.

निवृत्तीला महिना उरला असताना कोकणच्या किनाऱ्याजवळ एका जहाजाचं तेल सांडलं. कुंपण घेऊन नेहमी जाणारा इंजिनियर आजारी, म्हणून साडभाऊंना धाडलं. निघताना चेहरा दहावीच्या निकालाला निघाल्यासारखा. "टाक्यात लाटा नसतात ना गा," ते हळूच म्हणाले. तीस वर्षांच्या कामाचं काय ते आता ठरणार होतं. मीही त्या दिवशी थट्टा केली नाही.

दोन दिवसांनी फोन आला. "जोड एकही नाही सुटला." मी शाबासकी देऊ लागलो, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. मग म्हणाले, "पण लाट वरून जाते गा. अर्धं तेल आत, अर्धं बाहेर. समुद्र लय मोठा हाय. आपलं कुंपण इतकुसं."

परतल्यावर रविवारी ते आमच्याकडे जेवायला आले आणि चारचौघांसारखा रस्सा भुरकू लागले. ज्या सवयीला मी इतकी वर्षं हसलो, ती गेलेली मला बघवेना. मी पोळीची पट्टी फाडली आणि त्यांच्या वाटीत घेरा घातला. ते बघत राहिले. मग बोटाने पट्टीची दोन टोकं एकमेकांवर नीट दाबली. "जोड ढिला ठेवला गा तुनं," म्हणाले आणि त्यांनी चमचा उचलला.

तो मी मुद्दाम ढिला ठेवला होता, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.