मुखडा अडवून धरला ती वरात

लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवणाऱ्याला कुणी कलावंत म्हणत नाही. नवरदेवाच्या मित्रांना चांगलं वाजवलेलं आणि मोठ्यानं वाजवलेलं यातला फरकही कळत नाही, असं मी कराडच्या आमच्या बँडमध्ये येताजाता सगळ्यांना ऐकवायचो. मोबाइलवर जॅझ ऐकायला लागल्यापासून तर माझे पाय जमिनीवर नव्हते. ओळखीचं गाणं घ्यायचं, दोन ओळी सरळ वाजवायच्या आणि मग सुचेल तिकडं न्यायचं! ऐकता ऐकता माझी बोटं मांडीवर नाचायला लागायची.

बँड मास्तरांचा. ते स्वतः क्लॅरिनेट वाजवत. लोक सुपारी गाण्याची देतात, तुझ्या डोक्यातल्या किड्यांची नाही, असं त्यांचं म्हणणं. डीजेनं आमची निम्मी लग्नं पळवली होती आणि मास्तरांनी सॅक्सोफोन विकून कीबोर्ड घ्यायचं ठरवलं होतं. वाद्य बँडचं, त्यामुळे मला बोलायला जागा नव्हती. तरी मी त्यांच्या मागं लागलो. शेवटी कंटाळून ते म्हणाले, “सांगलीकडच्या वरातीत एक डाव वाजीव तुझ्या मनासारखं. पर लोकांचं पाय थांबलं, की सॅक्सोफोन गेला.”

त्या गावातलं लग्न जैन शेतकऱ्याच्या घरचं होतं. नव्या नवरीला घेऊन वरात वेशीपासून घरी जायची आणि मग पंगत बसायची. सूर्य मावळला की ही मंडळी अन्नाला शिवत नाहीत, त्यामुळे वरात दिवसाउजेडी पोचणं भाग होतं. नवरदेवाच्या चुलत्यांनी ते मास्तरांना निघतानाच बजावलं होतं.

मारुतीच्या देवळापाशी मास्तरांनी मला खूण केली. लग्नसराईत ज्याच्याशिवाय पान हलत नव्हतं, तेच गाणं मी घेतलं. दोन ओळी सरळ वाजवल्या आणि सोडलं की हो गाणं! पोरांचे हात हवेतच राहिले. मास्तरांनी माझ्याकडं असं बघितलं, की कीबोर्ड आलाच म्हणून समजा. तेवढ्यात सुट्टीवर आलेला एक फौजी, नवरदेवाचा दोस्त, माझ्या फिरकीवर खांदे उडवायला लागला. मी एक सूर ओढला, तो तसाच वाकला. ढोलवाल्याला चेव आला, आणि बघता बघता सगळी वरात त्या देवळापुढं घुमायला लागली. मला इतका आनंद झाला होता, की श्वास कुठून येत होता कोण जाणे.

पण वरात जागची हलेना. ऊन पार उसाच्या शेंड्यांवर गेलं. चुलते गर्दीतून वाट काढत आले. “आवं मास्तर, हालवा की ह्यास्नी. म्हातारी मानसं सकाळपासनं उपाशी हायती.” मास्तरांनी बँड थांबवला, तर पोरांनी आरडाओरडा करून पुन्हा सुरू करायला लावला. मास्तरांचा चेहरा पडला. पंगत चुकली असती, तर या भागात आम्हाला परत कुणी बोलावलं नसतं, आणि ते माझ्या वाजवण्यामुळे.

मग मला सुचलं. मगापासून गाण्याचा मुखडा मी लोकांना परत दिलाच नव्हता, आणि सगळे त्याच्यासाठीच तळमळत होते. मी त्याच्या अगदी तोंडाशी आलो, तिथंच सूर अडवला आणि चालायला लागलो. गर्दी माझ्या मागं निघाली. परत तोंडाशी यायचं, परत हुलकावणी द्यायची, की चार पावलं पुढं. फौजी ओरडला, “आता सोड की गड्या!” मी कसला सोडतोय! आख्खी गल्ली मी तशीच ओढत नेली आणि मांडवाच्या दारात मुखडा मोकळा केला. काय गदारोळ उठला म्हणून सांगू!

म्हाताऱ्यांच्या पानात वाढलं, तेव्हा अजून ऊन होतं.

आम्ही वाद्यं गाडीत भरत होतो. मी सॅक्सोफोन पेटीत ठेवला आणि मास्तरांच्यापुढं केला, कारण निकाल त्यांनी द्यायचा होता. त्यांनी पेटी घेतली नाही.

“उद्या वडूजला लगीन हाय,” ते म्हणाले. “जाताना गाडीत माझ्याजवळ बस. ते अडवून धरायचं मला क्लॅरिनेटवर दाव.”