होडीची दोरी, खाणीचे रूळ

हसनचाचा गेल्याचा फोन मला इथे आखातात, बौशरच्या ऑफिसात आला. हमरियाच्या कामगारवस्तीत त्यांच्याच खोलीत राहणारा युसूफ बोलत होता. "चाचा खलास, भाई... सकाळी उठलेच नाहीत." बाकी काही सुचायच्या आधी मी विचारलं, "झोपेतच गेले ना? नक्की?" ते शेवटी घाबरले नाहीत, एवढंच मला ऐकायचं होतं.

चाचा रत्नागिरीकडचे. निम्मं आयुष्य होडीच्या इंजिनावर गेलेलं. सोहार शहरामागच्या डोंगरात तांब्याची एक जुनी खाण बंद पडली होती. तिथल्या रुळांवर एका हौशी अर्बाबने, म्हणजे अरब मालकाने, वाफेचं जुनं इंजिन आणि एक उघडा डबा लोकांना फिरवायला आणला, आणि चाचा त्याचे ड्रायव्हर झाले. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. चाचा टोमणा मारायचे, "या, बीकॉमसाहेब! तिकीट नको, फक्त इंग्रजी बोलू नका. इंजिन बिथरतं."

एका शुक्रवारी मी, बायको आणि सहा वर्षांची मिनू डब्यात बसलो. डबा इंजिनाला जोडणारी खीळ झिजली होती. नवी येईपर्यंत चाचांनी ती होडीच्या दोरीने आवळून टाकली होती. मी बघतोय म्हटल्यावर हसले. "अरे, ह्या दोरीनं वादळात होडी धरलीय. तुझा डबा काय!"

चढावरच्या बोगद्यात धूर कोंडला. मिनूसुद्धा दिसेना. मग एक झटका... आणि इंजिनाचा आवाज लांब जाऊ लागला. "बाबा, आपण बॅक जातोय," मिनू म्हणाली. खाली वळण होतं, वळणाखाली दरी. बायको नुसती "मिनू, मिनू" करत होती. मला हाताचा ब्रेक सापडला, पण त्याचं चाक फिरेना. तेवढ्यात खडीवर धावणारी पावलं ऐकू आली. इंजिन थांबवून चाचा उतारावर काळोखात धावत सुटले होते. "उडी मारू नका रे!" ओरडत ते डब्याला लोंबकळले, वर आले, आणि दोघांनी मिळून ते चाक फिरवलं.

डबा बोगद्याबाहेर, वळणाच्या तोंडाशी थांबला. चाचांचे हात चाकावरून सुटेनात. एकेक बोट मला सोडवावं लागलं. "समुद्र असता तर पोरीला पोहून तरी काढली असती..." एवढंच बोलले. नंतर त्यांनी इंजिनाला हात लावला नाही. हमरियात चहाच्या दुकानात लागले.

परवा त्यांच्या खोलीवर गेलो. भर दुपारी बल्ब जळत होता. युसूफ म्हणाला, "खाणीवरून आल्यापासून चाचांना अंधार चालायचा नाही. रोज भांडायचो आम्ही. डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपायचो."

मी बटणाकडे हात नेला.

"राहू दे, भाई," तो घाईने म्हणाला. "अजून कुणी बंद केला नाही."