कचरू लोहाराचा शोभेचा चाकू

धावड्यातले कचरू लोहार चाळीस वर्षं विळे, खुरपी, कुऱ्हाडी घडवत आलेले. वस्तू हातात घेतली की ती कुठल्या कामाची, हे त्यांना सांगावं लागत नसे. म्हणून जालन्याचा श्रेयांस मोबाईलवर फोटो दाखवून म्हणाला, "काका, असा शिकारीचा चाकू पायजे," तेव्हा ते गडबडलेच.

"शिकार? तुम्ही तर जैन. मुंगी बी मारत न्हाई तुम्ही."

"शिकार कुठली! पुण्यातल्या एका साहेबाला काचेच्या कपाटात ठेवायचाय. ऑनलाइन विकतो मी."

"मंग धार नको?"

"धार तर बिलकुल पायजे. कागद कापला पायजे."

कापायचं काहीच नाही आणि धार मात्र पाहिजे! कचरूंनी ट्रकच्या जुन्या कमानीची पट्टी तापवली, ठोकली, पाणी दिलं, कानस मारली, बाभळीची मूठ बसवली. चाकू देखणा झाला. तरी बायकोला, चतुराबाईला, ते दोनदा म्हणाले, "हे काय करून राह्यलो मी, मलाच कळंना."

श्रेयांस न्यायला आला आणि हौसेनं त्यानं पात्यावरून अंगठा फिरवला. दुसऱ्याच क्षणी त्याचा शर्ट रक्तानं माखला.

कचरू घरात धावले अन् हळदीचा डबा घेऊन आले. पण त्यांची सून शीतल, गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई, आडवी आली.

"मामा, हळद न्हाई, राख न्हाई. काहीच भरू नका." तिनं धुतलेला पंचा घडी करून जखमेवर गच्च दाबला आणि श्रेयांसला हात वर धरायला लावला. कचरू पंचा उचलून बघायला गेले, तशी ती ओरडली, "सारखं उघडून बघू नका! दहा मिनिटं दाबूनच धरायचं."

रक्त थांबलं. मग तिनं नळाच्या धारेखाली जखम धुतली, स्वच्छ कापड बांधलं. जखम खोल होती, म्हणून सगळे दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी आधी अंगठा वाकवायला सांगितला. तो वाकला. तीन टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं.

"वाकवून कशाला बघितलं?" कचरूंनी विचारलं.

"आतली दोरी तुटली असली तर बोट वाकत नाही."

कचरूंनी हळूच आपला डावा हात पुढं केला. अठरा वर्षांपूर्वी कोयत्यानं कापलेली करंगळी काठीसारखी सरळ होती. त्यांनी हळद भरली होती, जखम आठ दिवसांत भरलीही होती.

"तेव्हाच आला असता तर कदाचित जोडता आली असती," बाई म्हणाल्या.

परतताना ते करंगळी चाचपत राहिले. राग कुणावर धरायचा? हळदीवर? हळद लावायला शिकवणाऱ्या बापावर? बापाच्या तर सगळ्या जखमा हळदीनंच भरल्या होत्या.

पंधरा दिवसांनी श्रेयांसचा फोन आला. साहेब खूश होता, आणखी तीन चाकू हवे होते. कचरू नको म्हणणार होते, तोंडातून मात्र "बराबर, करतो" निघालं.

चाकू झाले. गोणपाटात बांधताना त्यांनी शीतलकडून जखमेवर बांधायच्या तीन पट्ट्या मागून घेतल्या आणि प्रत्येक चाकूबरोबर एक ठेवली.

"कपाटात ठेवायच्या चाकूला पट्टी कशाला?" चतुराबाईनं विचारलं.

"मला बी न्हाई कळत," कचरू म्हणाले, अन् सुतळीची गाठ मारू लागले.